पेस्टालॉझी : मुलांच्या सुखासाठीं झिजलेला शिक्षक

शाळा कशासाठीं असते, असें कोणी विचारिलें तर बहुतेक आईबाप चटकन् सांगतील कीं, मुलास लिहितां-वाचतां यावें, हिशेब समजावा व पुढें त्यानें चार पैसे मिळवावे, यासाठीं. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु तें अपुरें आहे. मूल शाळेंत आनंदानें वाढतें कीं भीतीनें खुरटतें, आणि त्याला शिकविणारा मनुष्य समाधानांत आहे कीं काळजीनें पोखरला आहे, हें विचारणारे थोडे. ज्यांनीं हा प्रश्न आपलें सर्व आयुष्य वेंचून जगापुढें मांडिला, त्या स्वित्झर्लंड देशांतील एका थोर शिक्षकाचें चरित्र आज आम्ही आमच्या वाचकांस सादर करितों. त्यांचें नांव योहान हाइनरिख पेस्टालॉझी. त्यांच्या यशापासून जितकें शिकावें तितकेंच त्यांच्या अपयशापासूनहि शिकण्यासारखें आहे. म्हणून दोन्ही गोष्टी आम्ही आडपडदा न ठेवितां सांगणार आहों.

पेस्टालॉझी ह्यांचा जन्म झूरिच शहरीं ता. १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. त्यांचें घराणें मूळचें इटलीकडील कियाव्हेन्ना गांवचें. सोळाव्या शतकांत तें झूरिच येथें येऊन राहिलें. वडील शस्त्रवैद्य होते. परंतु मुलगा अवघा पांच वर्षांचा असतां, १७५१ सालीं, ते मरण पावले. घरांत विधवा आई, लहान मुलें व तुटपुंजें उत्पन्न. मरतेसमयीं वडिलांनीं बाबेली नांवाच्या मोलकरणीस जवळ बोलावून, आपल्या पश्चात् तिनें ह्या कुटुंबास सोडून जाऊं नये अशी विनवणी केली. त्या खेडवळ, साध्या स्त्रीनें दिलेला शब्द पाळिला. भाजी स्वस्त व्हावी म्हणून बाजार उठण्याच्या वेळेपर्यंत ती थांबे, मुलांचे कपडे व जोडे झिजूं नयेत म्हणून त्यांस उगीच बाहेर जाऊं देत नसे, आणि अशा काटकसरीनें तिनें त्या घराची अब्रू सांभाळिली. घरचें प्रेम व एका निष्ठावंत माणसाचा आधार असला म्हणजे गरिबींतहि मूल कसें वाढतें, हें पेस्टालॉझी प्रथम आपल्या स्वयंपाकघरांत शिकले, आणि तो धडा ते जन्मभर विसरले नाहींत.

दुसरा धडा त्यांना आजोबांच्या गांवीं मिळाला. त्यांचे आजोबा झूरिचजवळच्या हेंग ह्या खेड्यांत पाळक होते. सुटींत नातू त्यांच्याकडे जाई व त्यांच्याबरोबर आजाऱ्यांच्या आणि गरिबांच्या घरीं व गांवच्या शाळेंत फिरे. खेड्यांतील लहान मुलें प्रथम टवटवीत व हंसरीं दिसत. परंतु शाळेंत किंवा सूत काढण्याच्या कामास लागल्यावर थोड्याच काळांत त्यांचे चेहरे निस्तेज होत, हें त्यानें पाहिलें. ज्या शाळेनें मुलास फुलवावें तीच त्याला कोमेजवून टाकते, हें कोडें त्या कोंवळ्या मनांत तेव्हांपासून सलूं लागलें.

स्वतःच्या शाळेंत मात्र हा मुलगा धांदरट म्हणून प्रसिद्ध होता. सोबती त्याला वेडगळ नांवें ठेवून चिडवीत. १७५५ सालीं झूरिच येथें भूकंपाचा धक्का बसला तेव्हां शिक्षक व मुलें घाबरून जिन्यावरून खालीं पळालीं. मग आंत राहिलेल्या टोप्या व पुस्तकें आणण्यास परत कोण गेला, तर हाच भोळा मुलगा, अशी गोष्ट सांगतात. दुसऱ्यासाठीं पुढें व्हावें व स्वतःची पर्वा करूं नये, हा त्यांचा स्वभाव ह्या लहानशा गोष्टींतहि दिसून येतो. हाच गुण पुढें त्यांचें मोठें बळ झाला, आणि, आमचे वाचक पाहतीलच कीं, हाच गुण त्यांची मोठी उणीवहि ठरला.

तरुणपणीं त्यांनीं आधीं धर्मशास्त्राचा व नंतर कायद्याचा अभ्यास आरंभिला, पण दोन्ही सोडून दिले. त्या काळीं रूसो ह्या ग्रंथकाराचें शिक्षणाविषयींचें एमील हें पुस्तक १७६२ सालीं प्रसिद्ध झालें होतें. तें वाचून तरुण मंडळी भारावून गेली होती. पेस्टालॉझींच्या मनानें घेतलें कीं, शहर सोडून शेतकरी व्हावें व खेड्यांतील गरिबांची स्थिति सुधारावी. त्यांनीं बर्न प्रांतांत एका जाणत्या शेतकऱ्यापाशीं राहून शेतीचें शिक्षण घेतलें. १७६९ सालीं त्यांनीं ॲना शुल्थेस ह्या बाईशीं विवाह केला. ती सधन घराण्यांतील असून वयानें सुमारें आठ वर्षांनीं मोठी होती, व तिच्या आईबापांस हा विवाह पसंत नव्हता. पुढील सेहेचाळीस वर्षें त्या साध्वीनें पतीबरोबर दारिद्र्य, कर्ज व लोकांची थट्टा सोशिली.

बिर नांवाच्या खेड्याजवळ त्यांनीं माळरान विकत घेऊन तेथें घर बांधिलें व त्यास नॉयहोफ म्हणजे नवें शेतघर असें नांव दिलें. मंजिष्ठाची लागवड करून रंगाच्या धंद्यांत पैसा मिळेल अशी त्यांची अटकळ होती. पण जमीन हलकी निघाली, सावकारांनीं भांडवल काढून घेतलें व शेती बुडाली. अशा स्थितींत दुसरा कोणी आपल्यापुरतें पाहता. पेस्टालॉझींनीं १७७४ सालापासून आसपासचीं भिकारी व निराधार मुलें घरांत घेण्यास आरंभ केला. हीं मुलें उन्हाळ्यांत शेतांत काम करीत, हिंवाळ्यांत सूत काढीत व विणीत, आणि हात चालू असतांच वाचन, पाठांतर व हिशेब शिकत. अशीं तीस-पस्तीस मुलें एके काळीं त्यांच्या छपराखालीं होतीं. परंतु मुलांच्या कामांतून खर्च भागेना. कित्येक आईबाप मुलाच्या अंगावर नवे कपडे चढले कीं त्याला घेऊन पसार होत. शेवटीं १७८० सालीं ती शाळा बंद पडली, पत्नीच्या वांट्याचें बरेंचसें धन गेलें, व लोक त्यांना वेड्यांत काढूं लागले.

ह्या काळांत घरांत आणखी एक दुःख होतें. त्यांचा एकुलता एक मुलगा याकोब हा १७७० सालीं जन्मला होता. त्याच्या संगोपनाविषयीं बापानें १७७४ सालीं एक रोजनिशी लिहिली, तींत स्वतःच्या चुकाहि नमूद केल्या. पुढें ह्या मुलास फेंपऱ्याचा आजार जडला व १८०१ सालीं तो वारला. जो मनुष्य जगांतील मुलांच्या सुखाचा विचार करीत होता, त्याला आपल्या मुलाचें दुःख दूर करितां आलें नाहीं. वाचकहो, अशा माणसाच्या शब्दांत जें वजन असतें तें केवळ पुस्तकें वाचून येत नाहीं.

पडत्या काळांत एलिझाबेथ नेफ नांवाची एक साधी मोलकरीण त्यांच्या मदतीस आली. तिनें बाग लाविली, घर नीटनेटकें केलें व हताश झालेल्या कुटुंबास पुन्हां पायांवर उभें केलें. तिचें काम पाहून पेस्टालॉझींच्या मनांत एका शहाण्या आईचें चित्र उभें राहिलें, व तें त्यांनीं लीनहार्ड आणि गर्ट्रूड ह्या कथेंत उतरविलें. ह्या पुस्तकाचा पहिला भाग १७८१ सालीं निघाला. दारुड्या गवंड्याची बायको आपलें घर सांवरते, मुलांस शिकविते, व तिच्या घरापासून सगळा गांव सुधारूं लागतो, अशी ती कथा आहे. पुस्तक देशोदेशीं वाचिलें गेलें. १७९२ सालीं फ्रान्स देशानें त्यांना सन्मानाचें नागरिकत्वहि दिलें. परंतु ह्या कीर्तीनें त्यांचें समाधान झालें नाहीं. मुलांमध्यें जाऊन काम करावें ही त्यांची तळमळ कायम होती, आणि ती पुरी होण्यास त्यांना वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागली.

१७९८ सालीं फ्रेंच सैन्याच्या जोरावर स्वित्झर्लंडांत नवें सरकार स्थापन झालें. निडवाल्डन प्रांतांतील डोंगराळ लोकांनीं त्याविरुद्ध बंड केलें. सप्टेंबर महिन्यांत फ्रेंच सैन्यानें तें बंड मोडिलें, स्टान्स गांव व आसपासची वस्ती जाळिली, शेंकडों माणसें मारिलीं. आणि पुष्कळ मुलें पोरकीं झालीं. त्या पोरक्यांसाठीं घर उघडण्याचें काम सरकारनें पेस्टालॉझींस दिलें. डिसेंबरांत ते स्टान्स येथें गेले व जानेवारी १७९९ मध्यें मुलें येऊं लागलीं. मठाची एक बाजू त्यांना मिळाली होती. ती नीट बांधून झालेली नव्हती, स्वयंपाकघरहि तयार नव्हतें. मुलें आलीं तीं कशीं? कोणाच्या अंगावर खरूज, कोणाच्या डोक्यांत जखमा, कोणाचे कपडे उवांनीं भरलेले. कोणी भयभीत, कोणी उद्धट, कोणी भीक मागण्यास सोकावलेलें. अशीं सुमारें ऐंशीं मुलें, आणि सांभाळणारे पेस्टालॉझी व एक घरकामकरीण एवढींच माणसें.

शिवाय गांवचे लोक कॅथलिक, हे प्रॉटेस्टंट. ज्या सरकारनें गांव जाळविला त्याच सरकारनें ह्यांना धाडिलेलें. तेव्हां लोकांच्या मनांत संशय असणें साहजिक होतें. पेस्टालॉझींनीं त्यास उत्तर दिलें नाहीं. त्यांनीं मुलांस आंघोळ घातली, जखमा धुतल्या, त्यांच्याबरोबर जेवले, त्यांच्याच खोलींत निजले. रात्रीं सर्वांच्या मागून अंथरुणावर पडावें व सकाळीं सर्वांच्या आधीं उठावें, असा त्यांचा क्रम होता. आधीं मुलास आपण कोणाला तरी हवे आहों असें वाटलें पाहिजे, मग त्याचें मन उघडेल, मग अक्षर आंत जाईल, ही त्यांची श्रद्धा होती. अक्षरें, अंक व हस्तकाम हीं नंतर आलीं. थोड्याच महिन्यांत त्या रानटी झालेल्या मुलांच्या मुद्रा पालटल्या. आल्टडॉर्फ हें दुसरें गांव जळाल्याची बातमी आली तेव्हां पेस्टालॉझींनीं आपल्या मुलांस विचारिलें कीं, तिकडचीं वीस मुलें आपण घेऊं, पण मग तुमच्या अन्नांत वांटेकरी होतील व कामहि वाढेल, चालेल काय? मुलांनीं एकमुखानें त्यांस आणण्यास सांगितलें. आम्हांस वाटतें कीं, शाळेची परीक्षा घ्यावयाची तर अशी घ्यावी.

येथें एक गोष्ट लपवून ठेवणें योग्य नाहीं. स्टान्स येथें पेस्टालॉझींचा हात कधीं कधीं मुलांवर उगारला जाई, व तें त्यांनीं स्वतःच नंतर लिहून ठेविलें. मुलांस आपल्या प्रेमाविषयीं शंका नव्हती म्हणून त्यांनीं तें मनांत धरिलें नाहीं, असें त्यांचें समर्थन होतें. परंतु ऐंशीं मुलांमागें एकटा पडलेला, अपुऱ्या झोंपेचा मनुष्य केव्हां ना केव्हां हात उगारणारच, असें आम्हांस दिसतें. दोष हाताचा खरा. पण कांहीं अंशीं त्या एकटेपणाचाहि होय. आणि झालेंहि तसेंच. पांच महिन्यांत त्यांची प्रकृति ढांसळली व खोकल्यांतून रक्त पडूं लागलें. जून १७९९ मध्यें फ्रेंच सैन्यानें त्या जागेंत इस्पितळ केलें, मुलांची पांगापांग झाली, आणि पेस्टालॉझी मोडलेल्या शरीरानें व दुःखी मनानें डोंगरांत विसाव्यास गेले. इस्पितळ आलें नसतें तर हें काम आणखी किती दिवस त्यांच्यानें झालें असतें, हा प्रश्न उरतोच.

बरें वाटतांच ते बुर्गडॉर्फ गांवीं गेले. तेथील गरीब वस्तीची शाळा डिस्ली नांवाचा एक चांभार आपल्या घरीं चालवीत असे. एकीकडे जोडे शिवी व एकीकडे मुलांकडून पाठ म्हणवून घेई. आमचे वाचक हंसतील; पण हंसण्यापूर्वीं कारण ध्यानांत घ्यावें. त्या काळीं खेड्यांतील शिक्षकास पगार इतका थोडा मिळे कीं, दुसरा धंदा केल्यावांचून त्याचें पोट भरत नसे. १७९९ सालींच शिक्षणमंत्री स्टापफर ह्यांनीं देशभरच्या शाळांची चौकशी केली, तींत शिक्षकाचा पूर्वीचा धंदा कोणता, त्याचें कुटुंब केवढें, उत्पन्न किती व शाळेखेरीज इतर कामें कोणतीं, हेंहि विचारिलें होतें. शाळा सुधारावयाची तर शिक्षकाचें घर कसें चालतें हें आधीं पाहिलें पाहिजे, हें त्या मंत्र्यानें ओळखिलें होतें. बिचाऱ्या डिस्लीस वाटलें कीं, हा नवा म्हातारा आपली भाकर हिरावून घेणार. पेस्टालॉझी नेहमींच्या रीतीनें प्रश्नोत्तरावली घोकवून घेत नाहींत, अशी कुरकुर आईबापांतहि सुरू झाली, व त्यांना ती शाळा सोडावी लागली.

मग त्यांना अगदीं लहान, पांच ते आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग मिळाला. तेथें त्यांनीं आपली रीत चालविली. जें मूल डोळ्यांनीं पाहतें व हातांनीं चांचपतें तेथून आरंभ करावा. जवळच्या गोष्टीकडून दूरच्या गोष्टीकडे, सोप्याकडून अवघडाकडे जावें. अंक शिकवितांना आधीं वस्तु मोजाव्या. मूल एक पायरी नीट चढल्यावांचून दुसरी दाखवूं नये. वस्तु नसेल तर भिंतीवरचा जुना फाटका कागदहि त्यांना पुरे. त्यांतील भोंकें किती, कोठें आहेत, कशा आकाराचीं आहेत, हें मुलें पाहून सांगत. बुद्धि, हृदय व हात ह्या तिहींची वाढ बरोबर झाली पाहिजे, हें त्यांच्या शिकवणीचें सार होय. मार्च १८०० मध्यें परीक्षकांनीं मुलांची प्रगति पाहून संतोष व्यक्त केला. तथापि त्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें पुढें मोठेपणीं लिहून ठेविलें आहे कीं, गुरुजी इतक्या मोठ्यानें व इतका वेळ बोलत कीं दुपार होण्यापूर्वींच त्यांचा आवाज बसे. मुलाची शक्ति ओळखणारे पेस्टालॉझी आपली शक्ति मात्र मोजीत नसत.

ह्याच सुमारास त्यांना हेर्मान क्रूझी हा सहकारी मिळाला. क्रूझी हा गरीब घरचा. पाठीवर सुताचीं ओझीं वाहून नेत असे. अशाच एका फेरींत डोंगरवाटेवर भेटलेल्या एका अधिकाऱ्यानें त्याला शिक्षक होण्याविषयीं सुचविलें, व अठराव्या वर्षीं तो आपल्या गांवचा शिक्षक झाला. १८०० सालीं युद्ध व दुष्काळ ह्यांनीं गांजलेल्या आप्पेन्त्सेल प्रांतांतून पंचवीसेक मुलें घेऊन तो बुर्गडॉर्फ येथें आला. दोघांनीं मिळून गांवच्या किल्ल्यांत शाळा उघडिली, आणखी सोबती येऊन मिळाले, आणि १८०१ सालीं पेस्टालॉझींचें गर्ट्रूड आपल्या मुलांस कसें शिकविते हें पुस्तक प्रसिद्ध झालें. स्टान्स येथें एकट्यास जें पेलवलें नाहीं, तें बुर्गडॉर्फ येथें चार जणांच्या खांद्यांवर हलकें झालें. ह्यांतील मर्म ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१८०४ सालीं सरकारनें तो किल्ला परत घेतला. मग इव्हर्डन गांवच्या सरोवराकांठच्या जुन्या किल्ल्यांत शाळा नेली. तेथें ती १८२५ सालापर्यंत चालली. भरभराटीच्या काळीं सुमारें दीडशें मुलें तेथें होतीं; निरनिराळ्या देशांतून श्रीमंतांचीं मुलें येत, तशीं गरिबांचींहि असत. दिवस सकाळीं सहा वाजतां सुरू होई व शेवटचा पाठ रात्रीं आठला संपे. पण मध्यें मध्यें सुटी, खेळ, कसरत, सरोवरांत पोहणें, बागकाम व गायन असे. भूगोल शिकवावयाचा तर मुलांस जवळच्या ओढ्याच्या खोऱ्यांत नेत, तेथें तीं नीट पाहणी करीत, येतांना माती घेऊन येत, व टेबलावर त्याच मातीचें खोरें घडवीत, नकाशा त्यानंतर. बक्षिसांची लालूच व चढाओढ तेथें नव्हती. शाळा म्हणजे मोठें घर, मुख्य शिक्षक म्हणजे बाप, अशी रीत होती. केंस विसकटलेले, मोजे घसरलेले असे ते म्हातारबाबा अंगणांत दिसले कीं मुलें त्यांच्याभोंवतीं गोळा होत.

ह्या शाळेची कीर्ति ऐकून दुरून लोक आले. प्रशियाच्या सरकारनें तरुण शिक्षकांस शिकण्यासाठीं पाठविलें. फ्रोबेल हे १८०८ ते १८१० पर्यंत तेथें राहिले. लहान मुलांसाठीं खेळांतून शिक्षण देणारी बालोद्यानाची कल्पना पुढें त्यांनींच काढिली. स्कॉटलंडांतील गिरणीमालक रॉबर्ट ओवेन हे १८१८ सालीं येऊन गेले. १८१४ सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठीं त्या किल्ल्याचें इस्पितळ करण्याचा घाट घातला गेला. स्टान्सची आठवण ताजी असलेले पेस्टालॉझी बाझल येथें रशियाच्या बादशहास भेटले, व तें संकट टळलें.

परंतु आतां दुसरी बाजू पाहूं. मुलांच्या सुखासाठीं जो विचार तेथें झाला, तो शिक्षकांच्या सुखासाठीं झाला नाहीं. तरुण शिक्षक मुलांबरोबरच निजत, त्यांच्याबरोबरच उठत, दिवसभर शिकवीत, सुटींत त्यांच्याशींच खेळत. त्यांना स्वतःचा असा वेळ जवळजवळ नव्हता. येणाऱ्या पाहुण्यांस शाळा दाखविण्याचें काम आणखी. पेस्टालॉझींना हिशेब राखणें कधींच जमलें नाहीं, त्यामुळें पैशाची ओढाताण कायमची. ते स्वतः कांहीं न घेतां राबत, म्हणून इतरांनींहि तसेंच राबावें हें त्यांस स्वाभाविक वाटे. प्रेमानें सर्व निभावून जाईल असा त्यांचा भरंवसा होता. पण थकलेल्या माणसांमध्यें प्रेमहि थकतें.

शिक्षकांत दोन मुख्य पुरुष होते. नीडरर हे विद्वान व पूर्वीं पाळक असलेले गृहस्थ. श्मिड हा डोंगरी भागांतून गरीब विद्यार्थी म्हणून आलेला, गणितांत व व्यवहारांत तरबेज असा तरुण. एकाला विचार प्रिय, दुसऱ्याला शिस्त व हिशेब. शाळेला दोघांचीहि गरज होती. पण दोघांचें पटेना, आणि पेस्टालॉझींना त्यांच्यांत समेट करितां येईना. १ जानेवारी १८०८ रोजीं, नववर्षाच्या दिवशीं, त्यांनीं आपली शवपेटी सर्वांसमोर आणवून ठेविली व तिच्याजवळ उभे राहून, घरांतील दुहीचा दोष स्वतःकडे घेतला. ऐकणारांचीं मनें हेलावलीं असतील. परंतु शवपेटी पाहून कोणाच्या कामाचे तास कमी झाले नाहींत, कोणाचा हिशेब चुकता झाला नाहीं, व दोघां भांडणाऱ्यांस कोणी एकत्र बसवून तंटा तोडिला नाहीं.

१८१० सालीं श्मिड निघून गेला, १८१५ सालीं परत आला. त्याच वर्षीं डिसेंबरांत ॲनाबाई वारल्या. आजवर सर्वांस सांभाळून घेणारी ती माउली गेली आणि घराचा कणाच मोडला. १८१६ सालीं जुना सोबती क्रूझी व दुसरे कित्येक शिक्षक सोडून गेले. पुढल्या वर्षीं नीडररहि गेले. मग कोर्टकज्जे वर्षानुवर्षें चालले. ह्या धुळवडींतहि १८१८ सालीं पेस्टालॉझींनीं, ग्रंथांच्या वर्गणीचा पैसा येणार म्हणून, जवळच क्लिंडी येथें गरीब मुलांची शाळा काढिली. तीहि फार दिवस वेगळी टिकली नाहीं. १८२५ सालीं इव्हर्डनची शाळा बंद झाली. जवळजवळ ऐंशीं वर्षांचा तो वृद्ध नॉयहोफ येथें आपल्या नातवाकडे परत गेला, आणि ता. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग गांवीं त्यांचा अंत झाला. बिर येथें शाळेजवळ त्यांस मूठमाती देण्यांत आली. १८४६ सालीं, जन्मास शंभर वर्षें झालीं तेव्हां, तेथें स्मारक उभारिलें गेलें. सर्व कांहीं दुसऱ्यांसाठीं केलें, स्वतःसाठीं कांहींहि नाहीं, अशा अर्थाचा लेख त्यावर कोरिला आहे.

हा लेख खरा आहे व गौरवाचा आहे. तरीपण आम्हांस वाटतें कीं, त्यांत त्यांच्या यशाचें व अपयशाचें अशीं दोन्ही कारणें एकत्र आलीं आहेत. मूल सुखी असल्यावांचून तें खरें शिकत नाहीं, हें पेस्टालॉझींनीं जगास शिकविलें, आणि त्या शिकवणीनें असंख्य शाळांतील छडी खालीं ठेवविली. परंतु शिक्षक सुखी असल्यावांचून मुलाचें सुख टिकत नाहीं, हें त्यांनीं शिकविलें नाहीं; तें त्यांच्या आयुष्यानें दाखविलें. दिवा दुसऱ्यांस उजेड देतो हें खरें. पण त्यांत तेल घालणारा कोणी हवा. नाहीं तर वात जळून जाते आणि मुलें अंधारांत राहतात.

आतां हें चरित्र आपल्या गांवांत आणूं. ज्या खेड्यांत एकटाच शिक्षक असतो, तो मुलांस शिकवितो, पत्रें लिहून देतो, अर्ज भरतो, आजाऱ्याकडे जातो, भांडणें मिटवितो. आणि उपदेशकाचें कामहि त्याच्याकडेच असेल तर भजनहि चालवितो. त्याचें चुकलें तर सारा गांव बोलतो. त्याला ताप आला तर कोण विचारतो? मुलें नीट शिकावीं असें ज्या मंडळीस वाटतें, तिनें हेंहि पाहावें कीं, शिक्षकास त्याचा पगार वेळेवर मिळतो काय, त्याचें छप्पर गळतें काय, आठवड्यांतून एक दिवस त्याला खरा विसावा आहे काय, आणि मनांतलें बोलण्यास त्याला एखादा सोबती आहे काय. शेजारच्या दोन-तीन गांवांतील शिक्षकांनीं महिन्यांतून एकदां एकत्र बसून आपल्या अडचणी बोलाव्या, यास पैसा लागत नाहीं. क्रूझी येईपर्यंत पेस्टालॉझी एकटे होते. क्रूझी आल्यावर शाळा उभी राहिली.

आणि आमच्या शिक्षकबंधूंस व भगिनींस आमचें सांगणें असें. आपण थकलों आहों हें कबूल करण्यांत कमीपणा नाहीं. ज्या दिवशीं हात उगारावासा वाटेल त्या दिवशीं मुलाकडे पाहण्यापूर्वीं स्वतःकडे पाहावें. रात्रीं झोंप झाली होती काय, पोटांत अन्न आहे काय, मनावर कसलें ओझें आहे, हें विचारावें, आणि ओझें असेल तर तें कोणापाशीं तरी उतरावें. पेस्टालॉझींनीं आपलें प्रेम कधीं राखून ठेविलें नाहीं, हें आपण त्यांच्यापासून घ्यावें. त्यांनीं आपली शक्तिहि राखून ठेविली नाहीं. तेवढें मात्र घेऊं नये. मुलास शिक्षक आज हवा असतो, तसा तो उद्यांहि हवा असतो.